ऑनलाइन लीव्ह अँड लायसन्स: नोंदणीला साडेचार, भांडणाला अडीच

महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची भाडेकराराची, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स कराराची, ऑनलाइन नोंदणी ही नीट चालणाऱ्या सरकारी सेवांपैकी एक. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खेटे नाहीत, मालक ठाण्यात आणि भाडेकरू हिंजवडीत असला तरी दोघांचे अंगठे आपापल्या जागी घेता येतात, आणि शेवटी हातात पडते ती नोंदणी क्रमांक असलेली पीडीएफ. नोंदणीपुरते पाचपैकी साडेचार गुण द्यायला हात आखडण्याचं कारण नाही.

पण भाडेकरार कोणी हौस म्हणून नोंदवत नाही. घर सोडताना मालक "रंगाचे पंचवीस हजार कापले" म्हणाला, किंवा मुदत संपून चार महिने झाले तरी भाडेकरू हलेना, की मग ती पीडीएफ उघडली जाते. त्या दिवशी ती किती उपयोगी पडते, हेच इथलं माप. या मापाने गुण अडीचवर येतात, आणि त्यातला निम्मा दोष सेवेचा नसून तयार मसुदा न वाचता अंगठा देणाऱ्यांचा आहे.

आधी पैशांचा हिशेब, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते तीन गोष्टींच्या बेरजेवर लागतं: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी अनामत असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं काल्पनिक व्याज. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. डॉक्युमेंट हँडलिंगचे पैसे वेगळे. एजंट घेतलात तर त्याची मजुरी त्याहून वेगळी.

उदाहरण धरू. भाडं २०,०००, अनामत ६०,०००, मुदत ११ महिने. भाडं २,२०,०००, व्याज ५,५००, बेरीज २,२५,५००, त्यावर शुल्क सुमारे ५६४ रुपये. चलनात आकडा थोडा पुढे गोल होऊन येतो. हेच घर २४ महिन्यांसाठी घेतलं तर बेरीज ४,९२,००० आणि शुल्क १,२३० रुपये. म्हणजे ११-११ महिन्यांचे दोन करार केले तर शुल्क आणि नोंदणी फी मिळून ३,१०० च्या वर जातात आणि घर मिळतं २२ महिने. एकच २४ महिन्यांचा करार २,२३० मध्ये होतो. एजंटचे पैसेही एकदाच. दुसऱ्या वर्षी पाच-दहा टक्के वाढ हवी असेल तर भाडं टप्प्याटप्प्याने बदलणारं दाखवता येतं, त्यासाठी नवा करार लागत नाही. मुदत ६० महिन्यांपर्यंत घेता येते.

मग सगळे ११ महिनेच का करतात? नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ती सक्ती टाळायला ११ महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात ती युक्ती केव्हाच निकामी झाली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत दोन महिन्यांची असली तरी. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात मालकांना ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून "झालं काम" म्हणणाऱ्या मालकाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलेला असतो.

दुसरी वाईट सवय म्हणजे करारात कमी दाखवलेली अनामत. "दीड लाख द्या, कागदावर पन्नास हजार दाखवू, शुल्क वाचेल." किती वाचतं बघा: एक लाख लपवले तर वर्षाचं काल्पनिक व्याज १०,००० आणि त्यावर शुल्क २५ रुपये. अक्षरशः पंचवीस रुपये. त्या पंचवीस रुपयांसाठी भाडेकरू एक लाखाचा पुरावा सोडून देतो. मालकाचं खरं कारण बहुधा दुसरंच असतं, रोखीचा पैसा कुठे दिसू नये हे. अनामत बँकेतूनच द्या, आणि करारात रकमेसमोर व्यवहार क्रमांक, तारीख आणि बँकेचं नाव आलंच पाहिजे. फॉर्ममध्ये ते भरायची जागा आहे, घाईत ती "रोख" लिहून संपवली जाते.

नोंदणीची वाट सरळ आहे. विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशनमध्ये लीव्ह अँड लायसन्स निवडायचं, जिल्हा-तालुका-गाव आणि मिळकतीचा तपशील भरायचा, पासवर्ड ठेवायचा. टोकन क्रमांक मिळतो. मग पक्षकार, भाडं आणि मुदत, इतर अटी, साक्षीदार. मसुदा तयार होतो, शासनाच्या 'ग्रास' प्रणालीतून पैसे भरायचे, मग फोटो आणि आधारवर तपासलेले अंगठे. सादर केल्यावर दुय्यम निबंधक पाहतो, त्रुटी असेल तर परत पाठवतो, नसेल तर नोंदवतो. इंडेक्स-२ (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि नोंदवलेला करार उतरवून घेता येतो.

यात अडकतं ते बहुतेकदा अंगठ्यापाशी. धुणीभांडी किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांची आणि सत्तरीपुढच्यांची बोटं घासलेली असतात, दहा वेळा लावूनही जुळत नाहीत. हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, दुसरं बोट लावून पाहायचं. तरीही नाही जुळलं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यायचं. दुसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही: काही लोकांनी फसवणुकीच्या भीतीने आधार ॲपमधून स्वतःचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं. ते तात्पुरतं उघडल्याशिवाय बोट कितीही चांगलं असलं तरी तपासणी फसते. एजंट मात्र "सर्व्हर डाऊन" म्हणून दुसऱ्या फेरीचे पैसे मागतो. परदेशात राहणाऱ्या मालकाकडे आधार नसेल तर कुलमुखत्यारपत्र घेतलेल्या माणसाचा अंगठा लागतो. तेव्हा त्या कुलमुखत्यारपत्रात भाड्याने देण्याचा आणि अनामत घेण्याचा, असे दोन्ही अधिकार शब्दांत लिहिलेले आहेत का ते वाचा. फक्त "व्यवस्था पाहणे" असेल तर उद्या मालक "अनामत मला मिळालीच नाही" म्हणायला मोकळा.

इथे सेवेची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. दुय्यम निबंधक माणसाची ओळख तपासतो, घराची मालकी नाही. करार नोंदवला गेला म्हणजे समोरचा खरा मालक आहे असं होत नाही. म्हणून अनामत देण्याआधी खरेदीखताचा इंडेक्स-२, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि महावितरण किंवा मुंबईतल्या वीज कंपनीचं बिल, यातले किमान दोन कागद एकाच नावाचे पाहा. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघेही लायसन्सर, म्हणजे घर देणारे, म्हणून यायला हवेत (घर घेणारा तो लायसन्सी). "हेवी डिपॉझिट" प्रकारात, म्हणजे दहा-पंधरा लाख एकरकमी देऊन बिनभाड्याने राहायचं असतं तिथे, तर इंडेक्स-२ सोबत घरावर बँकेचं कर्ज आहे का हेही विचारा. हप्ते थकले आणि बँकेने घर ताब्यात घेतलं तर तुमची अनामत म्हणजे मालकाकडून यायचं साधं येणं उरतं, त्या घरावर तुमचा बोजा चढलेला नसतो.

आता मुख्य मुद्दा: मसुदा. प्रणालीचा साचा मालकाच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला आहे, आणि त्यात गैर काही नाही. मुदत, शुल्क (इथे मुद्रांकाचं नव्हे, लायसन्सचं, म्हणजे भाडं), अनामत, देखभाल खर्च, वीजबिल, वापर, फेरबदल, "कुळहक्क नाही", पाहणी, रद्द करणं, ताबा, अशी कलमं येतात. पण या साच्यात "झीज" म्हणजे काय याचं माप नाही, अनामत नेमकी कोणत्या दिवशी परत यावी आणि न आल्यास काय, याला दात नाहीत. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ मध्ये लिहिलं आहे की लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जाईल. "तोंडी आमचं असं ठरलं होतं" याला तिथे किंमत शून्य. म्हणून 'इतर अटी' हा रकाना आणि वस्तूंची यादी देणारी अनुसूची, या दोन जागा म्हणजे या सेवेतला सगळ्यात मौल्यवान भाग. एजंट त्या दोन्ही रिकाम्या सोडतो, कारण त्याला टायपिंग वाचवायचं असतं.

इतर अटींत काय घालावं? पहिली ओळ अनामतीची: "घराचा ताबा व सर्व किल्ल्या परत देताना त्याच वेळी, फक्त थकीत शुल्क व बिले वजा करून, अनामत लायसन्सीच्या बँक खात्यात जमा केली जाईल." दुसरी, तिला दात देणारी: "तसे न झाल्यास त्या दिवसापासून वार्षिक १८ टक्के व्याज द्यावे लागेल आणि रक्कम मिळेपर्यंत लायसन्सीला शुल्क न देता जागेत राहता येईल." मुंबईतल्या वकिलांनी केलेल्या करारांत हे वाक्य सर्रास असतं, साच्यात आपण होऊन येत नाही. मालक १८ ऐकून भडकला तर १२ वर तोडा, पण शुल्क न देता राहण्याचा भाग सोडू नका, खरी ताकद त्यात आहे.

रंगकामावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून आकडा लिहूनच टाका. तीन पर्याय चालतात. एक, रंगासाठी काहीच कापणार नाही. दोन, ठरावीक रक्कम, समजा ८,०००, कापली जाईल, जास्त नाही. तीन, दोन वर्षांपेक्षा कमी राहिल्यास इतके, जास्त राहिल्यास शून्य. "प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे" हे शब्द दिसले की थांबा. प्रत्यक्ष खर्च म्हणजे मालकाच्या ओळखीच्या रंगाऱ्याने पावतीशिवाय सांगितलेला आकडा, आणि त्यात पुढच्या भाडेकरूसाठी केलेला नवा टेक्स्चर पेंटही बसतो.

दुरुस्तीची वाटणी: नळाचा वॉशर, बल्ब, फ्लशचं बटण लायसन्सीचं. भिंतीतली पाइपलाइन, वरच्या मजल्यावरून येणारी ओल, जुनी वायरिंग, गीझरचं कॉइल मालकाचं. मधल्या गोष्टींसाठी रकमेची रेघ आखा, जसं "एका दुरुस्तीला १,००० पर्यंत लायसन्सी, त्यावर लायसन्सर". पावसाळ्यात ओल आली की छताचा पोपडा पडतो आणि मे महिन्यात घर सोडताना तोच पोपडा भाडेकरूच्या नावावर टाकला जातो. ओल दिसली त्याच आठवड्यात फोटोसह मेल गेलेला असेल तर हा वाद उभाच राहत नाही.

लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार सोडता येणार नाही अशी अट, टाकायचा असेल तर तो दोघांना बांधतो का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांचा लॉक-इन फक्त लायसन्सीला असतो, तो लवकर गेला तर उरलेलं भाडं द्यायचं, मालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर काढू शकतो. तसं असेल तर त्याला लॉक-इन म्हणत नाहीत, सापळा म्हणतात. शिवाय साच्यातल्या 'रद्द करणं' या कलमाशी तुमचा लॉक-इन भिडत असेल तर कोणतं वाक्य वरचढ, हेही एका ओळीत लिहा.

आणि विक्रीची अट. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ५९ सांगतं की लायसन्स देणाऱ्याने मिळकत विकली तर नवा मालक त्या लायसन्सला बांधील नसतो. राहायला येऊन चार महिने झाले, मालकाने घर विकलं, नवा मालक म्हणतो निघा, जुना म्हणतो अनामत नव्याकडून घ्या. यावर उपाय साधा: "मुदतीत विक्री झाल्यास खरेदीखताच्या आधी अनामत परत, अथवा नव्या मालकाचे अनामत स्वीकारल्याचे सहीचे पत्र."

अनुसूचीत "पूर्ण फर्निश्ड" असे दोन शब्द लिहून चालत नाही. पंखे किती आणि कोणत्या खोलीत, गीझर किती लिटरचा आणि कोणत्या कंपनीचा, एसीचा सीरियल नंबर, सोफ्यावर आधीच असलेला फाटका भाग, किचन ओट्याला गेलेली चीर, किल्ल्यांचे संच किती. राहायला जायच्या दिवशी सामान आत नेण्याआधी पाच-सात मिनिटांचा एकसलग व्हिडिओ काढा: दारापासून सुरू करून प्रत्येक भिंत, छताचे कोपरे, बाथरूमच्या टाइल्स, सिंकखालचा भाग, मग वीजमीटर आणि पाइप गॅसच्या मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला मेलवर पाठवा. व्हॉट्सॲपही चालतं, पण फोन बदलला की चॅट जातं. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फाइल कोणत्या उपकरणात आहे हे सांगता आलं पाहिजे. म्हणून फोटो फॉरवर्ड करत बसण्यापेक्षा मूळ प्रत जपून ठेवा.

एजंटांबद्दल थोडं. घरी येऊन अंगठे घेणारी सेवा सोयीची आहे आणि वेळेच्या हिशेबात पैसे वसूल होतात. पण चार गोष्टी आधीच पक्क्या करा. सरकारी शुल्क आणि मजुरी वेगवेगळी सांगायला लावा, आणि 'ग्रास'ची चलनं मागा. टोकन क्रमांक आणि पासवर्ड तुमच्याकडे यायला हवेत, फॉर्ममध्ये मोबाइल आणि मेल एजंटचा नको. अंगठा देण्याआधी मसुद्याची पीडीएफ निदान एक रात्र वाचायला मिळाली पाहिजे. लॅपटॉप फिरवून "इथे दाबा" चालणार नाही. आणि काम झाल्यावर त्याने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका, दस्त क्रमांक घेऊन विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. तिथे सापडला नाही तर तुमच्याकडे करार नाही, चित्र आहे.

सोसायटी आणि पोलीस, दोन्ही चटकन. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कराराच्या प्रतीसह कळवावं लागतं. भोगवटेतर शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. हे १० टक्के सेवाशुल्काचे, मालमत्ता कर किंवा सिंकिंग फंड धरून केलेल्या एकूण बिलाचे नव्हेत. ते कोण भरणार हे करारात लिहा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ती देता येते. कराराच्या नोंदणीने ते आपोआप झालं असं धरून चालू नका, पोच हातात ठेवा.

आता घर सोडण्याची वेळ. करारात एक महिन्याची नोटीस असेल तर ती मेलवर द्या आणि स्पीड पोस्टाने पोचसह पाठवा, दोन्ही. नोटिशीत घर सोडण्याची तारीख, अनामतीची रक्कम, तुमचा खाते क्रमांक, आणि एकत्र पाहणीसाठी शेवटच्या आठवड्यातल्या दोन वेळा सुचवा. पाहणीच्या दिवशी अनुसूची हातात घेऊन फिरा, जे कापायचं ते तिथेच आकड्यासह लिहा, दोघांच्या सह्या घ्या. किल्ल्या देताना "ताबा मिळाला" असं दोन ओळींचं पत्र किंवा निदान मेसेज मागा. किल्ली वॉचमनकडे ठेवून गावी निघून गेलेल्या माणसाला ताबा कोणत्या तारखेला दिला हे नंतर सिद्ध करता येत नाही, आणि मालक तेवढे दिवस भाडं मोजतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक पुढची आहे. "डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ली देणार नाही" असं म्हणून मुदत संपल्यावरही राहणं. वर सांगितलेली शुल्काशिवाय राहण्याची अट करारात नसेल, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या त्याच कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याला लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. २०,००० भाड्याच्या घराला महिन्याला ४०,०००, म्हणजे दिवसाला सुमारे १,३३३ रुपये. ६०,००० ची अनामत पंचेचाळीस दिवसांत संपते, मग देणं तुमच्याच अंगावर. उलट, शेवटची दोन-तीन महिन्यांची भाडी न भरता "अनामतीतून वळती करा" म्हणणं बरंच चालतं आणि बऱ्याचदा निभावतंही. पण मालकाच्या लेखी होकाराशिवाय केलं तर कागदोपत्री तुम्ही थकबाकीदार ठरता. होकार मेसेजवर घ्या.

भाडेकरू हलत नसेल तर मालकासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचं, म्हणजे भाडे नियंत्रण अधिनियमाखाली ताब्याचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं, दार आहे, आणि ते साध्या दाव्याच्या मानाने खूपच वेगवान. राहण्याच्या जागेचा लायसन्स संपला की मालक अर्ज करतो, समन्स निघतं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरून बाहेर काढण्याचा आदेश होतो. त्यावर अपील नाही, ९० दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करता येतो. ही वाट चालण्यासाठी मालकाच्या हातात नोंदणीकृत करार हवा, आणि इथे ऑनलाइन सेवेचे पैसे मालकाला पुरेपूर वसूल होतात. कुलूप बदलणं, वीज तोडणं, सामान जिन्यात काढणं, हे करणारा मालक स्वतःची भक्कम बाजू स्वतःच मोडतो. असं झालं तर भाडेकरूने ११२ ला फोन करून नोंद करवून घ्यावी आणि लेखी तक्रारीची पोच घ्यावी.

भाडेकरूसाठी मात्र असं जलद दार नाही. सक्षम प्राधिकारी अनामत मिळवून देत नाही, ते प्रकरणच मालकाला ताबा मिळावा म्हणून केलेलं आहे. ग्राहक आयोगाचंही हे काम नव्हे, घरमालक काही ग्राहकसेवा विकत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात घरांसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत सुचवली आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही. मुंबई-पुण्यात कोणी "कायद्याने दोनच महिने" म्हणून मालकाशी वाद घातला तर तो वाद हरलेला समजा. अडीच गुण द्यायचं मुख्य कारण हेच. एकाच कागदावर दोघांचे अंगठे, पण बिनसलं तर एकासाठी हमरस्ता आणि दुसऱ्यासाठी पायवाट.

ती पायवाट अशी. आधी स्वतःची मागणीची नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन: करार क्रमांक, अनामतीचा व्यवहार क्रमांक, ताबा दिल्याची तारीख, मान्य असलेली कपात, उरलेली रक्कम, व्याजाचं कलम. सगळीच कपात नाकारू नका. ३,२०० चं वीजबिल खरं असेल तर मान्य करा, त्याने उरलेल्या मागणीचं वजन वाढतं. उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस. मग दावा करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर दावापूर्व अर्ज करता येतो, त्याला कोर्ट फी नाही. समोरचा आला आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो आणि त्यावर अपील नसतं. तो आलाच नाही तर मात्र त्याला ओढून आणता येत नाही. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी इथून मोफत वकील मिळू शकतो, हे फारसं कोणी वापरत नाही. शेवटी वसुलीचा दावा, मुदत तीन वर्षं. रक्कम नोंदणीकृत करारात व्यवहार क्रमांकासह लिहिलेली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली संक्षिप्त दावा (लेखी करारावरच्या ठरलेल्या रकमेसाठीचा जलद दावा) बसतो का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. चाळीस हजारांसाठी दावा परवडत नाही हे मालकालाही ठाऊक असतं, म्हणूनच व्याजाचं कलम आणि सह्यांची पाहणी यांचा दबाव दाव्याच्या आधीच पडायला हवा.

कराराचं नूतनीकरण करतानाही जपा. ही सेवा 'नूतनीकरण' म्हणून काही वेगळं मानत नाही, प्रत्येक वेळी नवा करार होतो. त्यामुळे तिसऱ्या करारात अनामत "आज मिळाली" अशी छापून येते, आणि बँकेच्या खात्यात त्या तारखेला काहीच दिसत नाही. अनामतीच्या रकान्यात जुनाच व्यवहार क्रमांक आणि जुनी तारीख भरा, आणि इतर अटींत लिहा: "ही अनामत दस्त क्रमांक अमुक, दिनांक अमुक या करारानुसार लायसन्सरकडे आधीच जमा असून तीच या करारासाठी पुढे चालू ठेवली आहे." भाड्यासोबत अनामतही वाढवली असेल तर वाढीव रक्कम वेगळ्या ओळीत, वेगळ्या व्यवहार क्रमांकासह. वस्तूंची यादी मात्र पहिल्या दिवसाचीच जोडा. दोन वर्षं वापरलेला गीझर नव्या अनुसूचीत "चालू स्थितीत, नवा" असा शिरला तर त्याचे पैसे कोण देणार, ते तिथेच ठरून जातं.